क्लिप ग्रुपवर नको, पोलिसांकडे द्या

उलट्या दिशेने भरधाव आलेली मोटार डॅशकॅममध्ये टिपली जाते आणि संध्याकाळपर्यंत ती क्लिप ग्रुपांवर फिरू लागते. चालकाला शिव्या पडतात, त्याचं नाव आणि धर्म चघळला जातो. कारवाई झाली का, हे मात्र कोणी विचारत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. प्रत्येक चौकात पोलिस उभा करता येत नाही, म्हणून नागरिकाचा कॅमेरा मोलाचा. दिल्लीत 'ट्रॅफिक प्रहरी', आपल्याकडे 'महाट्रॅफिकॲप' यांवर तक्रार करता येते. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं, चालवताना हातात मोबाइल धरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक ड्रायव्हिंग आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही.

पण क्लिप म्हणजे निकाल नव्हे. नंबर प्लेटवरून गाडी कळते, चालक नाही. चालक कोण होता हे मालकाला विचारायचा अधिकार कलम १३३ पोलिसांना देतं, जमावाला नाही. शिवाय ग्रुपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, ती मूळ फाइल राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. एक सेकंद कापला तरी ती बदलते. म्हणून मूळ फाइल जपा, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. गाणं, मथळा, कापाकापी नको. आणि स्वतः गाडी चालवताना मोबाइल हातात घेऊन शूटिंग करू नका. तोही त्याच कलमाचा भंग आहे.

आपल्यातल्या अनेकांना पोलिस ठाण्याची पायरी चढायला नको वाटते. नाव ऐकून आपल्यालाच प्रश्न विचारतील, ही भीती उगाच आलेली नाही. तक्रारदाराची ओळख गुप्त राहावी आणि तक्रारीचं काय झालं ते त्याला कळावं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

मात्र तोच नियम आपल्या मोहल्ल्यातही हवा. रात्री बाइकवर स्टंट करणारा आपला असला की 'बच्चा है' म्हणायचं आणि परका असला की क्लिप फिरवायची, हा न्याय नव्हे. त्या स्टंटमध्ये जीव जातो तो त्याचा, नाहीतर रस्ता ओलांडणाऱ्या कोणाचा तरी. आधी त्याच्या अब्बा-अम्मींशी बोला. तरीही थांबला नाही, तर व्हिडिओ पोलिसांकडे द्या.