सुट्या भागांची परीक्षा पुरेशी नाही

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघालेला एरियान ५ हा युरोपचा नवा अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत आकाशातच छिन्नविच्छिन्न झाला. त्याच्या चौकशीचा अहवाल अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दिशादर्शक यंत्रणेची जी आज्ञावली एरियान ४ वर बिनतक्रार चालली होती तीच येथे बसवण्यात आली. परंतु नव्या यानाचा आडवा वेग आरंभीच पुष्कळ अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणांवर तीच आज्ञावली असल्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. खेदाची गोष्ट ही, की ही संख्या ज्या हिशेबातली होती तो हिशेब उड्डाणानंतर या यानाला लागणारच नव्हता. नव्या मार्गक्रमणाचे आकडे घालून त्या यंत्रणेची परीक्षाही झाली नव्हती.

आज्ञावलीच्या विकासपद्धतींविषयी आपल्याकडे तावातावाने वाद होतात. ज्या टप्प्याटप्प्याच्या क्रमाला पुढे ‘धबधबा’ हे नाव पडले, तो विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये रेखाटला खरा, पण एकाच फेरीत तो राबवणे धोक्याचे आहे, असेही त्याच निबंधात बजावले. बॅरी बोहेम यांची सर्पिल पद्धत तर प्रत्येक फेरीला धोक्याचा अंदाज घ्यायला लावते. यांपैकी कोणतीही पद्धत पत्करा, पण एरियानसारखी चूक टाळायची तर एक गोष्ट हवीच. गरजांचा मसुदा मंजूर होतानाच संपूर्ण यंत्रणेच्या परीक्षेची तजवीज, तिचा खर्च आणि तिचा जबाबदार अंमलदार करारनाम्यात नमूद झालाच पाहिजे.