भिंतीवरील व्हाइसरॉय आणि निनावी वीरगळ

गोव्यातील पोर्तुगीज राजवट १९६१ च्या डिसेंबरात संपुष्टात आली. परंतु जुन्या गोव्यात संत फ्रान्सिसच्या मठात असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयाचा वरचा मजला चढून जाणाऱ्या प्रेक्षकास या गोष्टीचा क्षणभर विसर पडावा, अशी तेथील चित्रमालिका आहे. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय एकापाठोपाठ एक, पूर्णाकृती, चिलखतात आणि मखमलीत, कुलचिन्हांसह उभे आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे संग्रहालय १९६४ साली स्थापिले. म्हणजे ही मांडणी परक्यांची नव्हे, आपली आहे. आणि म्हणूनच तिचा जाब आपणांस आपल्यालाच विचारावा लागतो.

ही चित्रे तेथून काढून टाका, अशी मागणी करणारे लोक आहेत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण ती मागणी आम्हांस मान्य नाही. १९६० साली, म्हणजे सत्ता हातची जाण्यास वर्षभर उरले असताना, पोर्तुगीजांनी कवी कामोंइशचा भव्य कांस्य पुतळा जुन्या गोव्यात उभारला. १९८३ साली तो लोकाग्रहास्तव चौकातून हलवून याच संग्रहालयात आणण्यात आला. हे योग्यच झाले. चौकातील पुतळा वंदन मागतो, संग्रहालयातील पुतळ्यास साक्ष द्यावी लागते. आमची तक्रार इतकीच, की साक्षीदार पिंजऱ्यात आणून उभा केला आणि त्याला प्रश्न मात्र एकही विचारला नाही!

या मालिकेचा आरंभ दों जुआंव द कास्त्रो याच्या आज्ञेने १५४७ साली झाला. गास्पार कोरैया या बखरकाराने ती चित्रे आपल्या देखरेखीखाली काढवून घेतली. हातात कुंचला धरणारा चितारी याच भूमीचा होता, हे कोरैयानेच नमूद केले आहे. ज्यांची चित्रे काढली त्यांच्या पदव्या, कारकिर्दी आणि कुलचिन्हे जपली गेली. ज्याने काढली त्याचे नावही मालिकेसोबत आले नाही. पुढे या चित्रांवर पुनःपुन्हा रंग चढविण्यात आला, इतका की काही चेहऱ्यांचे मूळ रूपच पुसट झाले. साहेबाचा चेहरा बदलला तरी चालतो, रुबाब कायम राहिला म्हणजे झाले!

आता त्याच वास्तूतील वीरगळांकडे वळू या. गोव्याच्या कदंबांच्या काळातील हे दगड. खालच्या कप्प्यात लढाई, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर लिंगपूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. हा क्रम देशावरच्या आणि कोकणच्या कोणत्याही गावच्या माणसास वेशीवरून पाठ आहे. पण येथील एका वीरगळावर लढाई घोड्यांची नव्हे, गलबतांची आहे. अकराव्या-बाराव्या शतकात गोपकपट्टणाच्या राजांपाशी आरमार होते, आणि त्या आरमारात मेलेल्या माणसाची स्मृती दगडात कोरून ठेवावी एवढी त्या समाजाला त्याची किंमत होती. पोर्तुगीज जहाजे या खाडीत शिरण्यापूर्वी तीन-चारशे वर्षांची ही गोष्ट. हिंदुस्थानच्या लोकांना समुद्र ठाऊकच नव्हता, असे शाळेत शिकलेल्या पिढ्यांना या एका दगडापुढे नेऊन उभे करावे. मात्र त्या दगडापुढे थांबण्याचे कारण कोणी सांगितले पाहिजे. अन्यथा प्रेक्षक वरच्या मजल्यावरील मखमलीकडे जाणार, यात त्याचा दोष काय?

संग्रहालयाने तटस्थ असावे, नाव आणि साल लिहून थांबावे, असा आक्षेप घेतला जाईल. नाव आणि साल ही तटस्थता नव्हे. आफोंसो द आल्बुकर्क, १५१० एवढेच लिहिणे म्हणजे त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरच्या पत्रात गोव्यातील मुसलमानांच्या कत्तलीचा वृत्तान्त त्याने स्वतः आपल्या राजाला अभिमानाने कळविला, हे लपविणे होय. दों कोंस्तांतीनु द ब्रागांसा याच्या कारकिर्दीत, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन बसले. ते मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. हे शब्द मालिकेतील कोणत्याही नावाइतकेच ऐतिहासिक आहेत.

आणि आल्व्होरचा काउंट फ्रान्सिश्कु द ताव्होरा? १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले, तेव्हा ते परत घेण्यास गेलेला हा व्हाइसरॉय मार खाऊन माघारी आला. राजधानी हातची जाते असे दिसताच त्याने आपला अधिकारदंड संत झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला. तो प्रसंग संग्रहालयासमोरच्याच बॉम जेझूच्या चर्चमधला. रस्ता ओलांडला की झाले. संकट टळले आणि २७ जून १६८४ रोजी याच व्हाइसरॉयने हुकूम सोडला, की रयतेने देशी भाषा तीन वर्षांच्या आत टाकून पोर्तुगीज बोलावी. ती भाषा प्रामुख्याने कोकणी होती. मराठीच्या अभिमानाने आम्ही ते नाकारू इच्छीत नाही. शेजारच्या बहिणीची जीभ कापली जात असता आपली शाबूत राहिली, यात समाधान कसले? हा हुकूमही कोणा राष्ट्रीय प्रचारकाने रचलेला नाही. कुन्या रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच १८५८ साली कोकणी भाषेवरील आपल्या निबंधात तो उजेडात आणला. त्याला जे छापण्याची लाज वाटली नाही, ते लिहिण्याचा संकोच आम्हांस का वाटावा?

तेव्हा नवीन दालन नको, समिती तर मुळीच नको. चित्राशेजारी त्या त्या माणसाच्या हुकुमाचा आणि कृत्याचा उतारा मूळ पोर्तुगीज, कोकणी, मराठी व इंग्रजीत लावावा. गलबताचा वीरगळ प्रवेशाशी, पहिली नजर जाईल असा ठेवावा.

आणखी एक. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स याने मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढील दोन आवृत्त्यांचीही तीच गत. त्याचे देवनागरी हस्तलिखित मार्स्डेनच्या संग्रहात लंडनला आहे. रामायण-महाभारताच्या कथांच्या जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या कोकणी-मराठी वह्या पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. मूळ वस्तू आज परत येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. छायाप्रती येऊ शकतात. त्या मांडण्यास वरच्या मजल्यावरील एका व्हाइसरॉयला लागते तेवढीही भिंत लागणार नाही.