न जुळणारे निरीक्षण

हिवाळ्याच्या रात्री वसतिगृहात स्वेटर काढताना अंधारात बारीक ठिणग्या चटचटत, आणि त्या पाहण्यासाठी आम्ही मुले मुद्दाम दिवा मालवीत असू. घर्षणाने विद्युतभार निर्माण होतो, हे आम्ही पुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. त्या ठिणगीला ज्यांनी कामाला लावले, त्या एका पदार्थवैज्ञानिकाची वाटचाल या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावी आणि तिच्या आधारे आपल्याच शाळेशी थोडे भांडावे, असे वाटते.

झाँग लिन वांग यांचा जन्म 1961 साली चीनच्या शान्शी प्रांतातील पूचेंग या ग्रामीण भागात झाला. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षा 1977 मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्या पिढीसाठी दार उघडले. नोबेलविजेते त्सुंग-दाओ ली यांनी चिनी विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवणारी एक योजना उभारली होती. तिच्यातून वांग ॲरिझोना स्टेट विद्यापीठात पोहोचले आणि 1987 मध्ये पीएच.डी. झाले. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले, हे ज्या समाजाच्या घराघरांत ठाऊक आहे, त्याला अशा एका योजनेचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढची कित्येक वर्षे वांग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पदार्थांची अंतर्रचना पाहण्यात घालवली. 1995 मध्ये ते जॉर्जिया टेकमध्ये आले. 2006 साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्याने झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा एका टोकदार सुईने वाकवून त्यातून वीज मिळाल्याचे प्रसिद्ध केले. हे तेच झिंक ऑक्साइड, जे आपल्या घरी त्वचेच्या मलमात असते. हा दावा सर्वांनी मुकाट्याने स्वीकारला असे नाही. 2008 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी, मोजलेला संकेत खरोखर त्या तारांचाच आहे काय, असा जाहीर प्रश्न केला. विज्ञानात हे अपमानास्पद मानले जात नाही; आपल्याकडे मात्र प्रश्न विचारणारा विद्यार्थी अजूनही उद्धट ठरतो.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो यानंतरचा प्रसंग. अशीच उपकरणे तयार करताना एकातून अपेक्षेपेक्षा बरेच अधिक व्होल्टेज मिळू लागले. काहीतरी बिघडले असावे, अशीच प्रथम शंका आली. शोध घेतल्यावर कळले की थर नीट चिकटले नव्हते, मध्ये हवेची फट राहिली होती. थर एकमेकांना टेकत, विलग होत, आणि स्वेटरमधला तोच भार निर्माण होऊन बाहेरच्या तारेतून वीज वाहत होती. त्यातूनच 2012 मध्ये घर्षणविद्युत नॅनोजनित्र जगासमोर आले. पाऊल, श्वास, समुद्राची लाट अशा वाया जाणाऱ्या हालचालींतून लहान संवेदकांपुरती ऊर्जा वेचण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. या शोधाचे अवास्तव गोडवे मात्र गाऊ नयेत. अशा जनित्राचे व्होल्टेज मोठे असले तरी प्रवाह अत्यल्प असतो, दमट हवेत भार टिकत नाही, घासून थर झिजतात. गावाचे भारनियमन त्याने संपणार नाही. तरीही 2019 साली वांग यांना अल्बर्ट आइनस्टाइन जागतिक विज्ञान पुरस्कार मिळाला.

आता आमची तक्रार. हेच उपकरण आमच्या हाती आले असते तर? आम्ही ते निरीक्षण खोडून शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवला असता. आम्ही तसेच करीत आलो. लंबकाचा आवर्तकाल असो वा ओहमचा नियम, उत्तर आधी ठरलेले असे आणि निरीक्षण तक्ता उलट्या बाजूने भरला जाई. वरच्या वर्गाच्या प्रयोगवह्या वारसाहक्काने खाली येत. गुण पूर्ण मिळत. यात शिक्षकांचा दोष थोडा आणि गुणपद्धतीचा अधिक, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या मुलाने वीस वर्षे जुळणारेच आकडे लिहिले, तो न जुळणाऱ्या आकड्यापुढे थांबेल कसा?

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आमचा एक प्रस्ताव आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी जमणाऱ्या निधीतला काही भाग प्रयोगशाळेला द्यावा: चालू स्थितीतले मल्टिमीटर, तांब्याच्या तारा, टेफ्लॉनची पट्टी, ॲल्युमिनियमचा पत्रा. एवढ्यात एक एलईडी लुकलुकवता येतो. आणि प्रयोगवहीत शेवटची दोन पाने कोरी ठेवावीत, फक्त न जुळलेल्या निरीक्षणांसाठी. ती पाने तपासताना लाल शाई वापरू नये, एवढी शिक्षकांना विनंती.