सर्वांचे कोठार

प्रदर्शनात पाऊल टाकताच 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी दिसते. मौल्यवान वस्तूंच्या रक्षणासाठी ती आवश्यकच असते. परंतु तिचा एक दुष्परिणामही होतो. कला हे कोणा थोर माणसाचे काम असून आपण मुकाट्याने तिच्यासमोरून पुढे सरकायचे, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. ही समजूत मोडण्याचा उद्योग जर्मनीतील कासेल या नगरात अनेक वर्षे चालला आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बाँबवर्षावाने कासेलचा मोठा भाग बेचिराख झाला. फ्रिडेरिसियानुम हे तेथील अठराव्या शतकातील संग्रहालयही जळाले. त्यापूर्वीच हिटलरच्या राजवटीने नव्या धाटणीची चित्रे 'विकृत' ठरवून संग्रहालयांतून हद्दपार केली होती. १९५५ साली आर्नोल्ड बोडे या चित्रकार-अध्यापकाने त्याच भग्न वास्तूत आधुनिक कलेचे प्रदर्शन भरवले. त्याचे नाव 'डॉक्युमेंटा'. जे पाहण्याची बंदी होती, ते पाहावयास लोक पुन्हा शिकू लागले. आता हा उत्सव साधारणतः दर पाच वर्षांनी, शंभर दिवस भरतो.

नुसते पाहणे मात्र योसेफ बॉइस या कलावंतास अपुरे वाटले. १९७२ च्या उत्सवात तो शंभर दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांशी लोकशाहीविषयी चर्चा करीत बसला. १९८२ साली त्याने सात हजार झाडे लावण्याचा संकल्प सोडला. संग्रहालयापुढे बेसॉल्टच्या सात हजार दगडांची रास रचली गेली. हा दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. प्रत्येक झाडाशेजारी एक दगड रोवायचा, म्हणजे झाडे वाढतील तशी रास घटत जाईल. बॉइस १९८६ साली वारला. परंतु पुढच्याच वर्षी शेवटचे झाड लागले. नागरिकांनी हातभार लावला म्हणूनच हे काम तडीस गेले.

२०२२ साली उत्सवाची सूत्रे इंडोनेशियातील रुआंगरुपा या कलावंतांच्या गटाकडे आली. त्यांनी 'लुंबुंग' ही कल्पना मांडली. लुंबुंग म्हणजे गावाने आपले शिलकी धान्य ठेवण्याचे सामायिक कोठार. फ्रिडेरिसियानुमचे त्यांनी शाळेत रूपांतर केले. मुलांसाठी तेथे स्वतंत्र दालन होते. तान्ह्या बालकांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी ब्राझीलच्या ग्राझिएला कुन्श यांनी पाळणाघर उघडले. माहिती देणाऱ्यांना 'सोबत' म्हणत. इंडोनेशियातील भाषेत या शब्दाचा अर्थ मित्र. मराठी कानालाही तो परका वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, अशा गजबजाटात चित्रासमोर शांतपणे उभे कसे राहावे? शिवाय कोणीही चार रेघोट्या ओढल्या की तो कलावंत होतो काय? पहिला आक्षेप रास्त आहे. एकांताची दालने असलीच पाहिजेत. दुसऱ्या आक्षेपात मात्र गैरसमज आहे. सर्वांना कलावंत करणे हा या दालनांचा हेतू नाही. ज्याने एकदा तरी चाकावर मातीचा गोळा धरला, त्याला कुंभाराच्या हातचा डेरा पाहताना त्यातले कसब अधिक उमगते. हाताने केलेली धडपड डोळ्यांना शहाणे करते.

मोकळ्या दारातून जबाबदारीही आत येते. त्याच उत्सवात एका भव्य फलकावर ज्यू लोकांविषयी द्वेष दर्शविणारी चित्रे आढळली. जर्मनीच्या इतिहासात त्या द्वेषाने लक्षावधी बळी घेतले होते. लोक संतापले आणि उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत तो फलक उतरवावा लागला. एकत्र शिकावयाचे, तर दुसऱ्याचे दुःख आधी जाणून घ्यावे लागते, हा धडा आयोजकांना उशिरा व कटुपणे मिळाला. तरीही, एक चूक झाली म्हणून दारच लावून घेणे शहाणपणाचे नव्हे. चूक दिसली, ती लोकांनी बोलून दाखविली आणि ती दुरुस्त करावी लागली, हेही मोकळ्या दारामुळेच घडले.

कोठार एकट्याच्या धान्याने भरत नाही. त्यातून नेणाऱ्याने आपली एक ओंजळ त्यात घातली पाहिजे, आणि घालण्यापूर्वी ती निवडूनही घेतली पाहिजे. कलेच्या दालनात येणाऱ्या प्रत्येकाची रीत हीच असावी.