स्नेहमेळाव्याची वर्गणी

शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयात वाणिज्य शाखेला एकत्र शिकलेले आम्ही विद्यार्थी येत्या दिवाळीनंतर भेटणार आहोत. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. साठी ओलांडलेल्या माणसांना एखाद्या दिवसाची इतकी ओढ लागावी, याचे घरच्यांना नवल वाटते.

आमच्या वर्गात शिरूरच्या बाजारपेठेतील दुकानदारांची मुले होती, तशी न्हावरे, मांडवगण येथील शेतकऱ्यांचीही होती. दौंड बाजूची मुले एस.टी.ने येत, कारण दौंड १८७८ पासून मनमाडशी जोडलेले जंक्शन असले, तरी शिरूरला रेल्वे नव्हती. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गावोगावी शाखा निघाल्या आणि आमच्यापैकी कित्येकांना तेथे नोकरी लाभली. काही रेल्वेत गेले, काहींनी वडिलांची गादी सांभाळली. सर्वांचा व्यापार सारखा चालला नाही.

निमंत्रणात दरडोई तीन हजार रुपये वर्गणी, आणि परिचयात हुद्दा, व्यवसाय व मुलांची प्रगती सांगावी, असे नमूद होते. तिघांचा निरोप जवळजवळ एकाच शब्दांत आला : ‘तब्येतीमुळे जमणार नाही.’ कर्जदारांसमोर बसण्यात माझी हयात गेली. अडचणीतला अब्रूदार माणूस पैशाचे नाव काढत नाही. तो तब्येतीचे किंवा घरच्या कार्याचे कारण सांगतो. तिघांपैकी एखाद्याची प्रकृती खरोखरच बरी नसेल, पण तिघांचीही?

मी समितीपुढे विषय मांडला. एका मित्राने रास्त प्रश्न केला, ‘मग आचाऱ्याचे पैसे कोण देणार?’ पुष्कळ चर्चेअंती ठरले ते असे : ठरावीक वर्गणी रद्द. प्रवेशद्वाराशी बंद पेटी ठेवावी. ज्याने त्याने यथाशक्ती टाकावे. दोघांनी हिशेब पाहावा, फक्त एकूण जमा जाहीर करावी, तूट आली तर ज्यांना झेपेल त्यांनी ती गुपचूप भरून काढावी. परिचयात नाव, गाव आणि महाविद्यालयातील एक आठवण, एवढेच पुरे. दौंडहून चौफुला-न्हावरे मार्गे सर्वांसाठी एकच गाडी निघेल. म्हणजे कोणाला मुद्दाम आणले, असे होणार नाही.

आपल्या समाजात व्यापाऱ्याची पत हीच त्याची पुंजी मानतात. ती गमावलेला माणूस आधी मित्रांचा उंबरठा टाळतो, मग नातलगांचा. आपल्याही घरी असे मेळावे, सहली ठरत असतील. यादीत ज्याच्या नावापुढे ‘येणार नाही’ लिहिले आहे, त्याच्याकडे एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. निरोप फोनवर टाळता येतो, दारात आलेला मित्र टाळणे कठीण.

नवे निमंत्रण छापून आले आहे. तिघांच्या प्रती टपालाने न पाठवता माझ्याजवळ ठेवल्या आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघे त्या घेऊन निघणार आहोत.