मावशी, रिटर्न गिफ्टमध्ये काय आहे?

रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एकतर आईचं बीपी, नाहीतर भाचेबुवांचा शाळेतला प्रोजेक्ट. यावेळी तिसरीच निघाली.

'अगं, अठ्ठावीस मुलं झाली. रिटर्न गिफ्टचं काय करायचं?'

बर्थडे होता जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. विरार वेस्टच्या त्यांच्या सोसायटीची टेरेस बुक झाली होती, केक सांगून झाला होता, भावोजींनी फुगे फुगवायचा पंपसुद्धा मागवला होता. अडलं होतं ते फक्त निघताना मुलांच्या हातात द्यायच्या पिशवीपाशी. 'मागच्या वर्षी तू आणलेलंस ना, तसंच काहीतरी सॉल्लिड बघ,' ताई म्हणाली. मी लगेच 'हो' म्हणणार होते, तेवढ्यात तिचा आवाज जरा खाली आला. 'किंवा देऊच नये का गं या वर्षी?'

आता यात रात्री पावणेबाराला विचारण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला अजून मुलं नसतील, तर नक्कीच वाटेल. मलाही नाहीत. पण मावशी, आत्या, काका, मामा यापैकी काहीही असाल, तर तुमचा नंबर कधीतरी लागणारच. सहा वर्षांच्या मुलाच्या पार्टीत केक कुठला होता हे सोमवारी कुणालाच आठवत नाही. पिशवीत काय होतं, ते मात्र अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं. मुलं तर दारातूनच विचारतात, 'मावशी, रिटर्न गिफ्टमध्ये काय आहे?' हॅपी बर्थडे नंतर.

मागच्या वर्षीची माझी कामगिरी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. आपल्याला कसं, काही करायचं तर फुल टू करायचं! एक दिवस लेख-बिख बाजूला ठेवून मी क्रॉफर्ड मार्केट गाठलं, मागच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर होलसेलवाल्यांकडे डझनाच्या भावावरून घासाघीस केली. पाण्याची बाटली, स्केचपेन, एक कोडं, दोन चॉकलेटं, चमकणारा भोवरा आणि हे सगळं भाचेबुवांचा फोटो छापलेल्या पिशवीत. एका पिशवीला १६५ रुपये, अठ्ठावीस पिशव्यांचे ४,६२० झाले. मग दोन गोण्या घेऊन मरीन लाइन्स. विरारकरांना 'रिटर्न' हा शब्द काही नवा नाही. सीटसाठी आपण उलटं चर्चगेटला जातो आणि त्याच गाडीने परत येतो, त्यालाही आपण रिटर्नच म्हणतो. तसं रिटर्न मारून, संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दोन गोण्या पायाशी दाबून मी साठ किलोमीटर आले. अंधेरीला एका बाईंनी विचारलंही, 'क्लिपा आहेत का? दाखवा ना.' त्यांना मी फेरीवाली वाटले!

पार्टी हिट झाली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिशवीचे फोटो, 'कुठून घेतलं?' वगैरे. मी भलतीच खूश. पुढच्या महिन्यात बी विंगमधल्या एका बर्थडेला टिफिनबॉक्स आला. त्याच्या पुढच्या महिन्यात छोटी ट्रॉली बॅग. म्हणजे बघा, बर्थडे एकाचा, पण रेट ठरला सगळ्यांचा. आणि तो ठरवणारी, मी.

त्या पिशव्यांचं पुढे काय होतं, तेही एकदा बघून घ्या. ताईच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये त्यांचं म्युझियम आहे. बटण दाबलं की पेटायचा तो भोवरा (आता पेटत नाही), एका चाकाची मोटार, कुठल्यातरी मुलाचा फोटो छापलेले तीन मग. यावेळी चौकशीला म्हणून मी वसई स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तेव्हा खेळण्यांची पाकिटं उलटीपालटी करून बघितली. लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह असणं १ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे सक्तीचं आहे. वीस-वीस रुपयांच्या त्या ढिगात मला ते एकावरही दिसलं नाही. फुगे अडकवायच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर तर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, 'मॅडम, लोक मागतात.' यावर काय बोलणार? मागच्या वर्षी मीही मागितलंच होतं की.

इथे मला 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणायचा जोरदार मोह होतो. आमच्या वेळी, म्हणजे २००० नंतरच्या वसईत, बर्थडे म्हणजे केकचा एक तुकडा, वेफर्स, सामोसा आणि रसना. छताला एक मोठा फुगा टांगलेला असायचा. तो फोडला की त्यातून थर्माकोलचे गोळे आणि गोळ्या-चॉकलेटं पडायची आणि आम्ही सगळे त्यावर तुटून पडायचो. मेक्सिकोत पिन्याटा नावाचं मडकं काठीने फोडतात, ती याचीच बहीण, आणि आपल्या दहीहंडीची चुलत बहीण. निघताना फार तर पेन्सिल आणि खोडरबर. शेजारच्या आंटींकडून नाताळात फराळाचं ताट यायचं, आमच्याकडून दिवाळीत करंज्या-चकल्या जायच्या. आणि कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हा आईचा नियम. म्हणजे रिटर्न गिफ्ट हा काही इंग्रजी शाळांनी आणलेला फंडा नाही. आपण पिढ्यानपिढ्या हेच करतोय. फक्त तेव्हा कुणी मोजायचं नाही, असं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आई हसायला लागली. 'मोजायचो नाही कसं? कुणाच्या ताटात किती करंज्या आल्या, मला आजही पाठ आहे. तोंडाने बोलायचो नाही, एवढंच.'

घ्या! आणि संक्रांतीच्या वाणाचं काय सांगू? आमच्या घरात चहाच्या गाळण्या अकरा आहेत.

त्यामुळे 'आजकालच्या आयांना शो-ऑफच हवा' असं जे काहीजणी म्हणतात, ते मला तरी पटत नाही. मी ताईला म्हटलंही, की सरळ मेसेज टाक, गिफ्ट आणू नका, रिटर्न गिफ्टही नाही. विषय संपला. त्यावर ती जे बोलली, ते मला अजून आठवतंय. 'तुझं बरं आहे, तू घरी लॅपटॉपवर काम करतेस. मी सात बाराची पकडते आणि साडेआठला घरी येते. सोसायटीतल्या बाकीच्या आया खाली बाकावर बसतात, त्यांच्या मुलांची दोस्ती तिथे होते. माझ्या मुलाच्या पार्टीला मुलं यावीत, त्यांनी त्याला लक्षात ठेवावं, म्हणून मी वर्षातून एक दिवस थोडं जास्त केलं तर काय बिघडलं?' मी गप्प. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. तेव्हापासून आपल्याकडच्या किती बायकांनी घरची कामं गाडीतच उरकली असतील. डब्यात भाज्या निवडून होतात, हळदीकुंकू होतं, वाणही लुटलं जातं. पण मुलाची दोस्ती गाडीत बसून लावता येत नाही. मग ती पिशवीत भरून द्यावी लागते.

हे सगळं बोलून झाल्यावर ताईने फोनचं खरं कारण सांगितलं.

त्यांच्या गेटजवळ इस्त्रीचं टेबल लावणारे एक काका आहेत. त्यांची मुलगी भाचेबुवांच्याच वयाची, त्याची सायकल-पार्टनर. मागच्या वर्षी ती पार्टीला आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली खडूंची पेटी घेऊन. जाताना माझी ती १६५ रुपयांची पिशवी घेऊन गेली. मार्चमध्ये तिचा वाढदिवस झाला. तिच्या आईने पाच मुलांना घरी बोलावलं, पुरी-भाजी आणि शिरा खाऊ घातला. निघताना प्रत्येकाला एक पेन्सिल आणि एक चॉकलेट. आणि आमच्या भाचेबुवांनी दारात उभं राहून, सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात विचारलं, 'बास? बॅग नाही?'

ताई तिथेच होती. तिने त्याला ओढतच घरी आणलं, रागावली, तो रडला. पण त्याचं तरी काय चुकलं? पार्टी म्हणजे बॅग, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

या वर्षी कपडे द्यायला गेल्यावर ताईने त्या वहिनींना बर्थडेचं आमंत्रण दिलं, तर त्या म्हणाल्या, 'त्या दिवशी आम्ही गावाला जाणार आहोत, जव्हारला.' दुसऱ्या दिवशी भाचेबुवांनी बातमी आणली, 'मम्मा, ती कुठेच जाणार नाहीये. तिला विचारलं मी.'

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

शनिवारी आम्ही दोघी खाली गेलो. वहिनी आधी 'तसं काही नाही हो' म्हणत राहिल्या. मग इस्त्री बाजूला उभी करून म्हणाल्या, 'ताई, तुमच्याकडून मोठी पिशवी येते. मग आम्हालाही...' आणि पुढचं वाक्य न बोलता त्यांनी शर्टाची घडी घातली. ती पिशवी क्रॉफर्ड मार्केटहून मी उचलून आणली होती. गोण्यांचं वजन मला तेव्हा कळलं होतं, असं मला वाटत होतं.

उपाय निघाला तो ताईच्या जुन्या फोटोंमधून. भाचेबुवा एक वर्षाचे असताना याच टेरेसवर त्यांचं बोरनहाण झालं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, तिळगूळ असं सगळं ओततात. बाकीच्या मुलांनी ते लुटायचं. फोटोत सगळ्या बिल्डिंगची पोरं फ्रॉकचे ओचे धरून गोळा करत होती. कुणाची यादी नव्हती. कुणाला किती मिळालं, हे ज्याच्या त्याच्या चपळाईवर.

'सहा वर्षांच्या घोड्याचं कसलं बोरनहाण? पाच वर्षांपर्यंत करतात,' ताईच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही ग्रुपवर 'बोरनहाण थीम पार्टी' असं टाकलं. थीम म्हटलं की लोक काहीही चालवून घेतात! सोबत एक ओळ, 'रिटर्न गिफ्ट म्हणजे तुम्ही लुटाल ते.' बोरं, चुरमुरे, ऊस, चॉकलेटं, खोडरबरं, सगळं मिळून बाराशेच्या आत झालं. एक सूचना मात्र आवर्जून, तुम्ही केलंत तर चणे-शेंगदाण्यांसारखं कडक काही आणि बोरं तीनेक वर्षांखालच्या पिल्लांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी चुरमुऱ्यांचा वेगळा कोपरा केला होता आम्ही.

सगळं छान-छान झालं असं नाही. दोघांची डोकी आपटली. एकजण कमी मिळालं म्हणून रडला, त्याला माझ्या पर्समधलं चॉकलेट द्यावं लागलं. एका आईने तीनदा विचारलं, 'बोरं धुतली होती ना?' आणि लिफ्टपाशी एक बाबा हसत म्हणाले, 'मस्त होतं, वेगळं. पण रिटर्न गिफ्ट द्यायचं राहिलं वाटतं?' ताईचा चेहरा पडला. मार्चमध्ये बी विंगचं पुन्हा काय येणार, आम्हाला माहीत नाही. कदाचित पुन्हा ट्रॉली बॅगच.

इस्त्रीवाल्या काकांची मुलगी आली. दहा मिनिटं उशिरा, वेणीला नवी रिबन, हातात काही नाही, तसं आम्हीच बजावलं होतं. आणि मग तिने जी काय लूट केली! सगळ्यात जास्त खोडरबरं तिच्याकडे. भाचेबुवा रात्री झोपेपर्यंत कुरकुरत होते, 'बर्थडे माझा होता, तिला जास्त का?'

परवा पुन्हा ताईचा फोन, पुन्हा पावणेबारालाच. येत्या मार्चमध्ये तिचा वाढदिवस आहे, वहिनींनी वर येऊन बोलावणं केलंय. 'गिफ्ट काय न्यायचं ते नंतर बघू,' ताई म्हणाली. 'सध्या मी रोज रात्री याच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतेय. "काकू, शिरा मस्त झालाय." त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही.'