एकाच खांद्यावरचे मंडळ

गावोगावच्या तरुण मंडळांची एक रीत आमच्या पाहण्यात आहे. मंडळाची स्थापना दहापंधरा मुले मिळून करितात. परंतु वर्ष उलटते न उलटते तोच पेटीची किल्ली, वर्गणीची वही आणि सभेत बोलण्याचा हक्क ही तिन्ही एकाच गृहस्थाच्या हाती जमा होतात. तो बहुधा उत्साही व निःस्वार्थी असतो. आमची तक्रार त्याच्याविषयी नाही. पुढे त्यास मुंबईस किंवा पुण्यास नोकरी लागते, तो जातो, आणि वाचनालयाच्या कपाटाचे कुलूप गंजत राहते. कोणाकडून किती वर्गणी येणे आहे, हे मागे राहिलेल्यांपैकी एकासही ठाऊक नसते.

तरुणांच्या संस्थेत पुढारपण वाटून घेतलेले असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर वडीलधारी मंडळी हटकून 'बारभाईंचा कारभार' हा शब्द पुढे करितात. अनेकांनी मिळून घातलेला गोंधळ, असा त्या शब्दाचा आज अर्थ झाला आहे खरा. परंतु त्यात मूळ बारभाईंवर मोठाच अन्याय होतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृती मुत्सद्दी एकत्र आले, म्हणूनच १७७४ साली पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे त्यांच्यात वितुष्ट आले, बापू कैदेत पडले, आणि पुणे दरबारची सूत्रे एकट्या नानांकडे आली. नाना मोठे कर्तबगार. तथापि १८०० साली ते वारले तेव्हा त्यांची जागा चालविणारा मनुष्य पुण्यात तयार नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाली, तिला इतर कारणेही पुष्कळ होती. पण हे एक कारण लहान नव्हे.

मुलांच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार बेडन-पॉवेल यांच्याइतका व्यवहारदृष्टीने क्वचितच कोणी केला असेल. १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांची छावणी भरविली. तीत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच साध्या घरचीही होती. त्यांचे चार संघ करून प्रत्येक संघ मुलांतल्याच एकाच्या हवाली केला. बालवीर पथकाची हीच पद्धत पुढे रूढ झाली: सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा एक नायक, एक उपनायक, आणखी कोणी भांडारी, कोणी चिटणीस, कोणी खजिनदार. सर्व संघनायक शिक्षकासह एकत्र बसून सहल कोठे न्यावी, पैसा कशावर खर्चावा, चुकलेल्यास काय सांगावे, हे ठरवितात. आमच्या मते या पद्धतीचे मर्म या बैठकीत आहे. नुसती कामे वाटली आणि निर्णय एकट्याने घेतला, तर ती वाटणी नव्हे, हुकूम होय.

अशा कारभारास वेळ लागतो, वादही होतात. ते आम्ही नाकारीत नाही. नदी ओलांडताना अथवा आग लागली असता सभा भरविता येत नाही. तेथे एकाचाच शब्द चालला पाहिजे. मात्र तो एक कोण, हे सर्वांनी आधी मिळून ठरविलेले असावे.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था स्थापण्यास निदान सात माणसे लागतात. आपल्याकडे सात सह्या मिळविणे मुळीच कठीण नाही. त्यांपैकी सहांनी जमाखर्चाची वही उघडूनही पाहिलेली नसते, ही खरी अडचण आहे. तरुण मंडळांनी दर तिमाहीस हिशेब निरनिराळ्या सभासदाने वाचून दाखवावा, आणि चिटणीसाने आपल्या हाताखाली एक लहान मुलगा अथवा मुलगी वर्षभर शिकवून तयार करावी, इतके तरी सहज होण्याजोगे आहे.

पालकांसही एक विनंती. आपला मुलगा 'कॅप्टन' झाला नाही म्हणून शाळेत विचारावयास येणारे पालक असतात. भांडारी झालेल्या मुलाविषयी कोणी विचारीत नाही. यंदा तो छावणीहून परत आला, म्हणजे पातेली किती नेली होती, किती परत आली, आणि फुटक्या कंदिलाचे काय ठरले, हे त्यास अवश्य विचारावे.